दादाच्या छातीतली रेती

आम्ही शहरात आलो ते कामधंदा शोधत नाही. परभणीकडच्या आमच्या गावात आमची वस्ती पेटवली, म्हणून आलो. विद्यापीठाला नवं नाव देण्याचा ठराव मुंबईत झाला होता. ते विद्यापीठ आमच्या गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं, ना पेटवणाऱ्यांनी, ना आम्ही. बाप त्याआधीच वारला होता. माय, दादा आणि मी, अंगावरच्या कपड्यांनिशी औरंगाबादला येऊन मायच्या मावसबहिणीच्या खोलीत पडलो. मी शाळेत होते. दादा बारावीला होता. त्याची पुस्तकं घरासोबत गेली आणि त्यानं ती पुन्हा कुणाकडं मागितली नाहीत.

शहराबाहेर तेव्हा शेडमागून शेड उभी राहत होती. सकाळी सायकलींची रांग लागायची, प्रत्येक हँडलला डबा. दादाला चिकलठाण्याच्या बाजूला एका फौंड्रीत काम लागलं. तिथं लोखंड ओतून गाड्यांचे सुटे भाग करायचे. साच्यातून निघालेला भाग खडबडीत असतो, त्याला माती चिकटलेली असते. ती काढायला एका बंद खोलीत त्याच्यावर हवेच्या जोरानं रेती मारतात. नळी धरून एक माणूस आत उभा राहतो. रेती लोखंडावर आपटून फुटते, तिचं पीठ होतं आणि ते पीठ हवेत तरंगत राहतं. कारखान्यात त्या सगळ्या भागाला रेतीचं खातं म्हणायचे. खात्यातली काही माणसं बाहेर असायची, गाडीवर माल चढवायची, उतरवायची. आत एकच जण.

त्याच आठवड्यात खुलताबादकडचा एक मुलगा लागला होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. चारा राहिला नाही, कळप मोडला, म्हणून हा शहरात आला. दोघांनी एकमेकांना जात विचारली नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्याच दिवशी विचारली. आणि दुसऱ्या दिवशी एका डब्यात जेवले. दादा त्याला नुसतं दोस्त म्हणायचा, म्हणून आमच्या घरातही त्याचं तेच नाव पडलं. तो आला की माय म्हणायची, "आला का रं दोस्त? बस, भाकर टाकते."

सुरुवातीला दोघं आलटून पालटून आत जायचे. एक दिवस हा, एक दिवस तो. आत गेलेला संध्याकाळी म्हातारा होऊन बाहेर यायचा, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. आम्ही हसायचो. दादाही हसायचा. माय त्याचे कपडे भिजवायची तेव्हा बादलीच्या तळाला पिठासारखा थर बसायचा. ती तो बोटानं काढून बघायची आणि म्हणायची, "हे एवढं कपड्यात, तर नाकात किती जात असंल रं?"

"नाकाला फडकं बांधतो की," दादा म्हणायचा.

मी कॉलेजात गेले तोवर नामांतर काही झालेलं नव्हतं. मोर्चे निघत होते, लाठ्या पडत होत्या, लोक तुरुंगात जाऊन येत होते. दादा कामगार माणूस, त्याला रोज जाता यायचं नाही. पण एका मोर्च्याला तो गेला. पाठीवर दोन वळ घेऊन आला आणि मायनं हळद लावली तेव्हा त्यानं एकदाही हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेला. सुपरवायझरला कुणीतरी सांगितलंच होतं.

तो प्रसंग दोस्तानं मला नंतर जसाच्या तसा सांगितला. सुपरवायझर हसत हसत दादाजवळ आला आणि म्हणाला, "नाम बदलने गया था? अब अंदर जा. अंदर खडा रह के बदल."

दोस्त म्हणाला, "साहेब, आज मही पाळी हाय."

"तेरी पाळी खतम. तू आजसे लोडिंगपे."

त्या दिवसापासून दादा आत आणि दोस्त बाहेर. महिनाभरानं दोस्त पुन्हा विचारायला गेला, निदान एक दिवसाआड तरी करू द्या म्हणून. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की बाहेरचं नको असेल तर गेट उघडं आहे. दादानंच त्याला गप्प केलं. "तुह्या घरी खाणारी तोंडं जास्त हायेत. मी हाय ना आत."

मला घरी मात्र दादानं यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा, "बाई, तू त्या विद्यापीठातच शिकायचं. दुसरीकडं नाय." त्याला विद्यापीठाचा राग नव्हता. ते आपलं आहे आणि लोक ते आपल्याला देत नाहीत, इतकं साधं त्याचं म्हणणं होतं. मी जीवरसायनशास्त्र घेतलं तेव्हा त्याला तो शब्द नीट उच्चारता येईना. तो दोस्ताला सांगायचा, "बहीण रसायनाचं काहीतरी शिकायली. जिवंत रसायनाचं."

दरम्यान दादाचं लग्न झालं. वहिनी जालन्याकडची, कमी बोलणारी, कामाची. लग्नाच्या वेळीच दादाला खोकला होता. कोरडा, सकाळचा. मग जिना चढताना धाप लागायला लागली. मग सायकल चालवताना. एक दिवस तो सायकल हातात धरून चालत घरी आला आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाला, "चेन पडली." चेन जागेवर होती.

कारखान्याचा एक डॉक्टर होता, आठवड्यातून एकदा येणारा. दादासोबत मी गेले. मला वाटलं होतं, मी शिकलेली आहे, मला नीट सांगतील. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला, खाली ठेवला आणि विचारलं, "राहता कुठं?"

दादानं वस्तीचं नाव सांगितलं.

"मग बरोबर. क्षय आहे. तुमच्या वस्तीत असतोच."

मी म्हटलं, "डॉक्टर, बाहेर तपासलेल्या थुंकीत जंतू सापडले नाहीत. आणि हे रेतीच्या खोलीत काम करतात."

"रेतीच्या खात्यात दहा जण आहेत." त्यानं दाराशी उभ्या असलेल्या दोस्ताकडं बोट केलं. "हा त्याच खात्यातला ना? एकाच आठवड्यात लागलेले ना तुम्ही? याची छाती बघा कशी ठणठणीत आहे. रेतीनं होत असतं तर यालाही झालं असतं. हे घरचं आहे, रक्तातलं."

दोस्त दारातून म्हणाला, "साहेब, आमी एका खात्यात हाव, पण एका खोलीत नाय."

डॉक्टरनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. खोकला हलला नाही. पण तो शब्द घरभर फिरला आणि घराबाहेरही. वहिनीचे भाऊ आले. भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. चहा घेतला, कप ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, थोडे दिवस माहेरी नेतो. वहिनीनं दाराशी दादाच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हाच मला कळलं की ती परत येणार नाही. तिच्या मनात तसं नव्हतं, पण तिला कुणी परत येऊ दिलं नाही. पुढं तिचं दुसरं लग्न करून दिल्याचं कानावर आलं. दादा म्हणाला, "चांगलं झालं." आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

शेवटी आम्ही त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" एवढ्या दिवसांत हे विचारणारा तो पहिलाच. दादानं सांगितलं. डॉक्टरनं फोटोतले पांढरे ठिपके मला दाखवले आणि म्हणाला, ही रेती आहे, छातीत बसलेली. ही निघत नाही. छातीची राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात त्या हिनं मरतात, आणि मग क्षयाला मोकळं रान मिळतं. "त्यांना अजून क्षय नसेल," तो म्हणाला, "पण होईल."

झाला. वर्षभरात झाला. आणि कारखान्याच्या डॉक्टरला हे कळलं तेव्हा तो दोस्ताला म्हणाला, "बघ, मी म्हणालो नव्हतो?"

दादा ठेकेदाराच्या माणसांत होता, कायम नव्हता. त्याला काढलं असंही कुणी म्हटलं नाही. तो जाईनासा झाला आणि त्याच्या जागी बिहारकडचा एक पोरगा आत उभा राहिला.

विद्यापीठाच्या नावाचं काम झालं तेव्हा दादा खाटेवर होता. वस्तीत फटाके फुटत होते, बायका रस्त्यावर नाचत होत्या, कुणीतरी आमच्या दारात पेढे आणून दिले. मी आत गेले. दादा उशीला टेकून बसला होता, कारण आडवं झालं की त्याला श्वास मिळायचा नाही.

"बदललं?" त्यानं विचारलं.

"व्हय दादा."

"पुरं बदललं का नुसतं वाढवलं?"

त्याला खोटं सांगावं असं फार वाटलं. पण तो रोज पेपर वाचून घ्यायचा. मी म्हटलं, "वाढवलं. जुनंही ठेवलं."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबायला बराच वेळ लागला. मग त्यानं पेढा मागितला, अर्धा खाल्ला, अर्धा मायला दिला. त्याच उन्हाळ्यात तो गेला. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडून, दिवसाढवळ्या, पंखा चालू असताना, आणि खोलीत हवा भरपूर असताना.

मी पुढं शिकले, पीएच.डी. झाले, शहरातल्याच एका कॉलेजात शिकवू लागले. पुंडलिकनगरात घर घेतलं. माय तिथं वारली. दादाच्या छातीत ती रेती ज्यानं धरली त्याचं नाव मला बऱ्याच वर्षांनी, एका परदेशी नियतकालिकातला लेख वाचताना सापडलं. मार्को. ऐकायला एखाद्या पाहुण्याचं नाव वाटतं. आपल्या प्रत्येकाच्या पेशीत, दुसऱ्या गुणसूत्रावर, या नावाचं एक जनुक आहे. त्याच्या सांगण्यावरून एक प्रथिन तयार होतं आणि फुफ्फुसातल्या भक्षक पेशींच्या अंगावर हातासारखं बाहेर उभं राहतं. श्वासातून आलेला कचरा, जंतू, धूळ, जे दिसेल ते हा हात धरतो आणि पेशीच्या पोटात घालतो. जंतू असेल तर पेशी तो पचवते. पण या हाताला जंतू आणि रेती यांतला फरक कळत नाही. तो रेतीचा कणही तितक्याच इमानानं उचलतो. कण पचत नाही. पेशीचं पोट फुटतं, ती मरते, कण मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते आणि तोच कण उचलते.

लेख वाचून मी स्टाफरूममध्ये बसून राहिले. तासाची घंटा झाली तरी उठले नाही. दादाच्या छातीत किती पेशी अशा एकीमागं एक आत पाठवल्या गेल्या असतील, आणि एक मेली की लगेच दुसरी.

या जातीच्या प्रथिनांना इंग्रजीत स्कॅव्हेंजर म्हणतात. एकदा वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, मराठीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, घाण साफ करणारा. मागच्या बाकावरून कुणीतरी एका जातीचं नाव घेतलं आणि दोन-तीन जण हसले. माझा आजा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. मी खडू खाली ठेवला, हसणाऱ्यांकडं बघितलं आणि म्हटलं, "हे प्रथिन तुमच्याही छातीत आहे. ते काम थांबवेल त्या दिवशी तुम्ही सर्दीनं मराल." कुणी हसलं नाही. पण कुणाला लाज वाटली असंही मला दिसलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी बाहेरून एक मोठे प्राध्यापक आले. माणूस हुशार, बोलणं मऊ. त्यांचा एक प्रकल्प होता. शेंद्र्याकडं नवे कारखाने उभे राहत होते आणि जुन्या फौंड्र्यांतले कामगार अजून हयात होते. या जुन्या कामगारांचं रक्त घ्यायचं आणि मार्को जनुकात माणसामाणसांत जे बारीक फरक असतात ते तपासायचे. कुणाला धूळ बाधते आणि कुणाला नाही, ते यावरून कळेल असं त्यांचं म्हणणं. मला त्यांनी सोबत घ्यायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच बैठकीला बोलावलं.

"तुम्ही त्याच समाजातल्या," ते म्हणाले. "वस्तीत तुमच्यावर विश्वास बसेल."

मी विचारलं, "कळल्यावर काय करायचं, सर?"

"भरतीच्या वेळी सल्ला देता येईल. ज्यांना धोका आहे त्यांना त्या कामावर घ्यायचंच नाही. त्यांच्याच भल्याचं आहे."

"आणि धूळ?"

"धूळ असणारच. उद्योग आहे तो." त्यांनी पडद्यावर एक आकृती दाखवली. "बघा, एकच कारखाना, एकच खातं, तेवढीच वर्षं. एकाला आजार, एकाला नाही. म्हणजे उत्तर रक्तात असणार."

कारखान्याच्या डॉक्टरचंच वाक्य होतं ते. फक्त या वेळी माणूस सभ्य होता आणि त्याच्या हातात माझंच शास्त्र होतं.

मी उभी राहिले. त्या बैठकीत मी दादाची गोष्ट सांगितली, रडले नाही. म्हटलं, सर, जनुकात फरक असतात हे मला मान्य आहे, मी तेच शिकवते. पण ज्या दोघांना तुम्ही तेवढ्याच धुळीतले धरता, त्यातला एक खोलीत होता आणि एक उघड्यावर. कोण कुठं उभा राहणार हे मार्कोनं ठरवलं नव्हतं, सुपरवायझरनं ठरवलं होतं. आधी कोण कुठं उभा होता ते विचारा, हवेत धूळ किती होती ते मोजा, मग रक्त घ्या.

सर सहानुभूतीनं ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण हे थोडं भावनिक होतंय. एवढ्या जुन्या गोष्टीची धूळ आज कशी मोजणार? सगळ्यांना सारखी होती असं धरावंच लागतं."

"का धरावं लागतं?"

"नाहीतर अभ्यासच होणार नाही."

"मग होऊ नये," मी म्हटलं.

चहा आला. मी माझी पर्स उचलली आणि निघाले. माझ्या जागी दुसऱ्या कॉलेजातल्या एका बाईंना घेतलं, त्याही आमच्याच समाजातल्या. वस्तीत त्यांच्यावरही विश्वास बसला.

दोस्त तोवर काम सोडून खुलताबादला परतला होता. थोड्या शेळ्या, थोडी शेती, सीताफळाची झाडं. मी वर्षातून एकदा तरी जायचे. त्या वेळी गेले तर तो अंगणात शेळीच्या पायातला काटा काढत बसला होता. मला बघून उठला, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. दादाच्या वयाचा माणूस, केस आता खरेच पांढरे. चढ चढून येतो आणि धाप लागत नाही.

"ताई, तुमच्या विद्यापीठाची माणसं येऊन गेली," तो म्हणाला. "रक्त नेलं महं."

"दिलंत तुम्ही?"

"तुमचंच काम असंल असं वाटलं. म्हणलं, ताईचं हाय तर देऊ. कामून, नव्हतं द्यायचं?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काटा काढायचा चिमटा खाली ठेवला.

"काय विचारलं त्यांनी?" मी म्हटलं.

"किती वर्सं त्या खात्यात व्हते, खोकला हाय का, बिडी वढता का. मी म्हणलं, खात्यात लई वर्सं, पर मी बाहेर व्हतो, लोडिंगला. आत मव्हा दोस्त व्हता, तो मेला. त्या पोरीनं हात केला, म्हणली, बस काका, एवढं पुरे."

"मग?"

"मग सुई टोचली, बिस्किटाचा पुडा दिला."

शेळी उठून कुंपणाकडं गेली. सुनेनं चहा आणून दिला. खाली रस्त्यावरून दर्ग्याकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"ताई, एक विचारू?" दोस्त म्हणाला. "मह्या रक्तात त्यास्नी काय घावलं असंल?"

मी त्याला सांगितलं की तुमचं रक्त चांगलं निघेल. धूळ खाऊनही ज्यांना काही झालं नाही अशा माणसांत तुम्हाला धरतील. तुमच्यासारखं रक्त असलेल्यांना धुळीत काम देता येतं, असं त्यातून निघेल.

त्यानं चहाचा एक घोट घेतला. "आन्‌ त्याच्या रक्ताचं काय?"

"मेलेल्यांचं रक्त कसं घेणार, भाऊ? त्यांनी फक्त जगले त्यांचंच घेतलं."

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग त्यानं उरलेला चहा मातीत ओतला, उठला, आणि कुंपणातून बाहेर पडू पाहणाऱ्या शेळीला हाकत गेला.